कोठीच्या दाराची फळी

१

शनिवारी आमच्या घरात गजर लागत नाही. नेल्डाच उठवते. "ऑरिन, कॉफी भरून झाली. लोक रांगेत उभेसुद्धा राहिले असतील."

आयोवातल्या आमच्या भागात शनिवारी लोक मासे धरायला जातात, नाही तर अंगणातलं गवत कापतात. आम्ही दोघं गेली कित्येक वर्षं मेलेल्या माणसांच्या घरात जातो. ऐकायला वाईट वाटतं, पण इथे त्यात कुणाला वावगं वाटत नाही. घरातलं म्हातारं माणूस जातं, मुलं कुठे डेन्व्हरला, कुठे फ्लोरिडाला. मग घर जसंच्या तसं विक्रीला उघडतात. इस्टेट सेल. पलंगापासून मिठाच्या डबीपर्यंत प्रत्येक वस्तूवर किमतीचं तिकीट. दारात क्रमांक घ्यायचा, थंडीत पाय आपटत उभं राहायचं आणि दार उघडलं की आपापल्या खोलीकडे धूम ठोकायची.

मी तळघराकडे पळतो. पाने, पकडी, खिळ्यांचे डबे. माझी अक्कल तेवढीच. नेल्डा पळत नाही. ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर हात पाठीमागे बांधून उभी राहते आणि खोलीवरून एकदाच नजर फिरवते. एका दातांच्या डॉक्टरकडे तिने आयुष्यभर स्वागतिकेची नोकरी केली. तोंड उघडायच्या आत कोण खोटं बोलणार हे तिला कळतं, आणि वस्तूंचंही तसंच. काचेच्या वाडग्यावर नखाने टिचकी मारते, ऐकते, खाली ठेवते. शंभर वस्तूंतून एक उचलते आणि ती बरोबर असते. बर्ल नावाचा एक जुन्या वस्तूंचा व्यापारी आहे, तो हल्ली वस्तू बघतच नाही, नेल्डाचं तोंड बघतो. मला या बाईचं फार कौतुक आहे. लग्नाला इतकी वर्षं होऊनही आहे, आणि ते लपवण्यात मला काही शहाणपण दिसत नाही.

मोठ्या वस्तूंचा एक नियम असतो. कपाट काही उचलून टेबलापर्यंत नेता येत नाही, म्हणून त्याच्या तिकिटाचा खालचा अर्धा भाग फाडून घ्यायचा. तो ज्याच्या हातात, वस्तू त्याची. मग तिच्यावर कुणी बसलेलं का असेना. एकदा एका आरामखुर्चीत एक जाडजूड बाई विसावली होती. नेल्डाने तिच्या पायाशी वाकून तिकीट फाडलं आणि म्हणाली, "बसा, बसा. सावकाश उठा. मला घाई नाही."

आणि एकदा नेलेलं परत घेत नाहीत. हाही नियमच.

२

मिस ऑगस्टा लिंडक्विस्टच्या घरी आम्ही रविवारी दुपारी, सेल संपता संपता गेलो. मे महिना होता. शनिवारी पाहिलेला एक निळा वाडगा नेल्डाच्या डोक्यातून जात नव्हता. वाडगा गेला होता, पण ती परतायला तयार नव्हती. ते घरच तसं होतं. मिस लिंडक्विस्टने जन्मभर शाळेची लायब्ररी सांभाळली. लग्न केलं नाही. चादरी रिबिनीने बांधलेल्या, मुरंब्याच्या बरण्यांवर सुरेख अक्षरातली नावं, पडद्याच्या प्रत्येक भोकाला बारीक रफू. नेल्डा एका रफूवरून बोट फिरवत म्हणाली, "ही बाई मला आवडली असती रे."

स्वयंपाकघरालगत कोठीची छोटी खोली होती. तिच्या दाराच्या चौकटीशी नेल्डा थांबली. हात पाठीमागे गेले. मी समजलो.

चौकटीच्या उभ्या फळीवर पेन्सिलीच्या रेघा होत्या. मुलं वाढतात तशा घरोघरी करतात त्या. भिंतीला पाठ लावून उभं करायचं, डोक्यावर पुस्तक सपाट ठेवायचं, रेघ मारायची. पहिली रेघ माझ्या पोटरीइतकी खाली होती आणि शेवटची नेल्डाच्या कमरेपर्यंत आली होती. नावं नव्हती, तारखा नव्हत्या. सगळ्या एकाच हाताच्या, सरळसोट. रेघांच्या उंचीवर फळीचा पांढरा रंग मधोमध काळपट आणि गुळगुळीत झाला होता, डोक्याचं तेल लागून होतो तसा.

सेल चालवणारी ग्लेनिस प्रुइट टेबलापाशी उरलेले चमचे गुंडाळत होती. अंबाड्यात पेन्सिल खोचलेली.

"ग्लेनिस, ही फळी कितीला?"

"कुठली फळी, बाळ? ती घराची आहे."

"घर तर पाडणार म्हणालीस ना? शेजारच्यांना गाड्या लावायला जागा हवीय म्हणून?"

ग्लेनिसने चष्मा डोक्यावर चढवला आणि जवळ येऊन बघितलं. "अगं बाई. हे मला दिसलंच नव्हतं."

"कुणाची मुलं ही?"

"मुलं? या घरात? ऑगस्टाकडे मांजरसुद्धा नव्हतं. मी समोरच्याच गल्लीत वाढले. हॅलोविनला आम्ही आलो की ती दारातच थांबवायची. 'इथेच उभे राहा, मी आणते.' आणि गोळ्या आणायची मूठ मूठ भरून, कंजूषपणा नाही. पण आत कुणाला घेतलं नाही कधी."

"भाचे असतील," मी म्हणालो.

"भाचा एकच, तिकडे लांब टूसॉनला. हे घर त्याने सेलच्या वेळीच पहिल्यांदा बघितलं." ग्लेनिसने खांदे उडवले. "ने बाई तुला हवी तर. उद्या बुलडोझर खाणारच आहे. थांब, तिकीट लावते, नाही तर लोक म्हणतील ग्लेनिस घरं फोडून विकते."

तिने तिकीट टाचणीने फळीला लावलं, आणि नेल्डाने लगेच खालचा भाग फाडला. नियमाप्रमाणे. मी गाडीतून छोटी पहार आणायला निघालो तेवढ्यात नेल्डाने सगळ्यात वरच्या रेघेवरून बोट फिरवलं आणि मला दाखवलं. बोटाला शिसं लागलं होतं. रेघ ताजी होती.

मिस लिंडक्विस्ट दोन हिवाळे वृद्धाश्रमात होती आणि तिथेच वारली. तोवर घराला कुलूप होतं. पण सेलमध्ये लोक पोराबाळांना घेऊन येतात, आणि ग्लेनिसच्या अंबाड्यात पेन्सिल होतीच. मी एवढा विचार केला आणि पहार आणायला गेलो.

३

आमच्याही स्वयंपाकघराला कोठी आहे. तिच्या चौकटीची जुनी फळी वाळवीने खाल्ली होती, म्हणून ती काढून ही बसवायची असं ठरलं. मी मापं घेतली नाहीत, घरी जाऊन करवतीने कापू म्हटलं. कापावी लागली नाही. फळी वर-खाली तंतोतंत बसली. मी त्याबद्दल स्वतःचीच पाठ थोपटून घेतली, कारण सुतारकामात माझं असं कधी होत नाही. मागच्या अंगणातलं कोंबड्यांचं खुराडं मी बांधलंय, ते बघून पाहुणे वादळ कधी झालं म्हणून विचारतात.

बसवून झाल्यावर मी सहज फळीला पाठ लावून उभा राहिलो. मी सहा फुटांच्या वर आहे. नेल्डा माझ्या छातीला लागते.

"आई मला असंच उभं करायची," मी म्हणालो. "आणि मी हळूच टाचा उचलायचो. तिला न बघता कळायचं. 'टाचा टेकव, ऑरिन. मला फसवू नकोस.' की पुस्तक बोटभर खाली."

नेल्डा हसली. मग नुसतीच रेघांकडे बघत राहिली. आम्हाला मूल झालं नाही. दोनदा आशा लागली आणि दोनदा ती सुटली. वरच्या मजल्यावर पूर्वेची एक लहान खोली आहे, तिला आम्ही शिवणाची खोली म्हणतो. तिथे कधी कुणी शिवलं नाही. सेलमधलं सामान आम्ही तिथे भरत गेलो, म्हणजे ती रिकामी दिसू नये.

"काढू का टाचणी?" मी विचारलं. तिकिटाचा वरचा अर्धा भाग अजून फळीला होता.

"राहू दे," ती म्हणाली. तिच्याकडचा अर्धा भाग तिने घडी करून पाककृतींच्या डबीत ठेवला.

४

पुढच्या आठवड्यात एका सकाळी मी कॉफीचा डबा घ्यायला कोठीकडे गेलो आणि नेल्डाने मागून येऊन मला मिठी मारली. अशी मिठी तिने बऱ्याच दिवसांत मारली नव्हती.

"वेडा आहेस," ती म्हणाली. "पण किती छान केलंस रे."

"काय केलं?"

"बरं बाबा, काही नाही केलं." माझ्या पाठीवर थोपटून ती डोळे पुसत बाहेर गेली.

मग मला दिसलं. वरच्या रेघेच्या वर नवीन रेघ होती. दोन बोटं वर.

मला वाटलं, रेघ तिनेच मारली असेल. तिला हवं होतं ते तिने केलं आणि माझ्या नावावर टाकलं, म्हणजे दोघांचंही होईल. नेल्डाला हे शोभण्यासारखं आहे. तिची ही चलाखी मला आवडलीसुद्धा, आणि तिचं मन मोडायचं मला काही कारण नव्हतं. दिवसभर मी बरा होतो. संध्याकाळी वाळलेले कपडे घडी करताना मला आठवलं की ती रडली होती. नेल्डाला पुष्कळ गोष्टी जमतात. खोटं रडणं जमत नाही.

५

आवाजाचं सांगायचं तर तो फार लहान होता. मी टोस्टला लोणी लावत असायचो, नेल्डा थर्मासचं झाकण घट्ट करत असायची, बाहेर उजाडलेलं असायचं. कोठीच्या बाजूने लाकूड एकदा करकरायचं, कुणी पाठ टेकल्यासारखं. आणि मग लिनोलियमच्या जमिनीवर टक्. बारीकसा. टाच टेकल्याचा.

जुनी घरं बोलतात. सकाळी ऊन तापलं की लाकूड फुगतं. हे मी स्वतःला पुष्कळदा सांगितलं आणि ते खरंही आहे. फक्त आमची कोठी उत्तरेला आहे, तिथे ऊन येत नाही.

रेघा वाढत होत्या. जूनमध्ये नेल्डाच्या खांद्यापर्यंत आल्या. मी बघत नाही असं दाखवायचो आणि रोज बघायचो. रंगावरचा काळपट डागही वर वर सरकत होता.

आणि नेल्डाची खरेदी बदलली. आधी ती चिनी मातीची भांडी बघायची, लेसचे टेबलक्लॉथ बघायची. आता एका सेलमध्ये तिने लोकरीची कानटोपी घेतली. दुसऱ्यात लाकडी घसरगाडी, बर्फावरची. मग एक बेसबॉलचा हातमोजा. पण नजर तीच होती, हे मला सांगितलंच पाहिजे. ढिगात चाळीस हातमोजे असतील तर ती टिचकी मारावी तसा तळवा दाबून बघायची आणि एकच उचलायची. शिवणाच्या खोलीतलं आमचं अडगळीचं सामान हळूहळू खाली तळघरात गेलं. वर खिडक्या पुसल्या गेल्या. ती जिना चढताना गुणगुणायची. मला ते गुणगुणणं इतकं आवडायचं की मी खाली उभा राहून ऐकायचो. मला भीती वाटत होती, आणि ते गुणगुणणं थांबू नये असंही वाटत होतं.

ऑगस्टमध्ये तिने बुटांचा जोड उचलला. मोठा जोड, माझ्या मापाचा. बर्ल तिच्या मागे होताच.

"नातू वाटतं?" बर्ल म्हणाला. "मला माहीतच नव्हतं."

"वाढतं अंग आहे," नेल्डा म्हणाली. "महिन्यात लहान होतील बघ."

बर्ल हसला. मीही हसलो. गाडी गावाबाहेर पडल्यावर मी विचारलं.

"नेल, बूट कुणाला?"

"बघू," ती खिडकीतून मक्याच्या शेतांकडे बघत म्हणाली. "चांगले आहेत. टाचा मजबूत आहेत."

६

सप्टेंबरच्या एका शनिवारी नेल्डा म्हणाली, "आज तू एकटाच जा. माझी कंबर दुखतेय." आमच्या लग्नानंतर असं कधी झालं नव्हतं. ती सिंकपाशी वाकली तेव्हा मला तिच्या दंडावर मोठा काळानिळा डाग दिसला.

"हे काय?"

"स्टुलावरून पडले. काही नाही रे, आर्निका लावलंय."

"स्टुलावर कशाला चढलीस?"

"वरचा डबा काढायला," ती म्हणाली. आमच्या कोठीत वरचे डबे मीच काढतो.

मी गेलो, पण तळघरात उतरलो नाही. ग्लेनिसला गाठलं. ती एका मेलेल्या वकिलाच्या घरात टाय मांडत होती.

"ती फळी मला परत द्यायची आहे."

"परत?" ग्लेनिसने माझ्याकडे बघितलं. "ऑरिन, घरच नाही उरलं. देणार कुणाला? डांबर टाकून झालं तिथे."

"तू घे. फेकून दे. जाळ."

"नेल्डाला विचारलंस?"

ग्लेनिसने मला एका खुर्चीवर बसवलं आणि कागदी कपात कॉफी दिली. त्या बाईचं मन मोठं आहे.

"ऑगस्टा शेवटी कशी होती?" मी विचारलं.

"शांत होती. मी जायचे ना भेटायला, दर रविवारी. डोकं ठिकाणावर होतं अगदी. फक्त एकच सारखं विचारायची. 'आता पुस्तक कोण धरणार?' मी म्हणायचे, बाई, चर्चमध्ये हल्ली गाण्याचं पुस्तक कुणालाच धरावं लागत नाही, पडद्यावर दाखवतात. तर हसायची. आणि परत, 'पण पुस्तक कोण धरणार, ग्लेनिस? त्याला वाईट वाटेल.'"

मी कप तिथेच ठेवला आणि घरी निघालो. वाटेत ठरवलं की नेल्डा रडली तरी चालेल, भांडली तरी चालेल, बोलेनाशी झाली तरी चालेल. तिच्या दंडावरचा डाग माझ्या डोळ्यांसमोरून हलत नव्हता. फळी आज निघाली पाहिजे.

७

भर दुपार होती. स्वयंपाकघरात सगळीकडे ऊन पडलं होतं. मी पहार घेऊन आत आलो तर नेल्डा कोठीपाशी स्टूल ठेवून उभी होती. हातात तिचं जाडजूड पाककृतींचं पुस्तक, कानामागे पेन्सिल.

"बरं झालं आलास," ती म्हणाली. "मला पुरत नाहीये आता."

"नेल, मी ही फळी काढतोय."

तिने पहारीकडे बघितलं. रागावली नाही. स्टूल पायाने बाजूला सारलं आणि म्हणाली, "बस जरा."

मी बसलो नाही.

"रेघा तू मारत होतीस ना?" मी विचारलं. "मला खरं सांग."

"पहिली तू मारलीस असं वाटलं होतं मला. खरंच वाटलं. दुसरी आली तेव्हा मी नीट बघितली." ती किंचित हसली. "ऑरिन, तुला जन्मात सरळ रेघ आली नाही. खुराडं बघ आपलं."

"मग कोण मारत होतं?"

"कोण होतं ते मला नाही माहीत. पण पहिल्या दोन रेघा त्यानेच मारल्या असणार, स्वतःच स्वतःच्या डोक्यावर हात ठेवून. तिसरीपासून मी मारते."

"भीती नाही वाटली तुला?"

"वाटली की. फार वाटली." तिने पुस्तक दुसऱ्या हातात घेतलं. "मग मला वाटलं, ऑगस्टाने एवढी वर्षं एकटीने केलं. कुणाला घरात घेतलं नाही, कुणाजवळ बोलली नाही, आणि एक रेघसुद्धा चुकवली नाही. आपण तर दोघं आहोत."

"तू पडलीस, नेल. हाड मोडलं असतं."

"मोडलं असतं. पडले तेव्हा मला धरलं."

"कुणी?"

तिने दंडावर हात ठेवला, त्या डागावर, आणि तेव्हा मला त्यात बोटांचा आकार दिसला. माझी पूर्ण पकड त्याच्यापुढे लहान पडली असती.

मला तिला उचलून गाडीत घालून पळून जावंसं वाटलं. हे मी लपवत नाही. पण ती तिथे उभी होती, पांढऱ्या केसांची, माझ्या छातीएवढी, आणि तिच्या डोळ्यांत तीच नजर होती जिच्या जोरावर तिने शंभर घरांतून एकेक खरी वस्तू उचलली. ती नजर आजवर चुकलेली मी पाहिलेली नाही. मला तिच्याइतकं धैर्य नाही, आणि तिला एकटीला स्टुलावर चढू देण्याइतका मी नीचही नाही. मी पहार ओट्यावर ठेवली.

"काय करायचं?"

"हे पुस्तक फळीला सपाट लावून धर. शेवटच्या रेघेच्या जरा वर."

शेवटची रेघ माझ्या भुवईपाशी होती. मी पुस्तक फळीला लावलं आणि हळूहळू खाली आणायला लागलो. माझ्या कपाळाच्या वर, बऱ्याच वर, ते टेकलं. मी जोर दिला नाही. ते कशावर तरी टेकलं, जसं टेकतं तसं.

"आता हात काढ," नेल्डा म्हणाली.

"पडेल."

"नाही पडत."

मी हात काढले. पुस्तक पडलं नाही. मी फक्त त्याच्या कव्हराकडे बघत राहिलो. त्यावर सफरचंदाच्या पायचं चित्र आहे आणि एका कोपऱ्यात लोण्याचा जुना डाग आहे. त्याच्या खाली मी बघितलं नाही. माझ्या गळ्याशी गार हवा येत होती आणि जात होती.

नेल्डाने मात्र बघितलं. मान वर करून, पुस्तकाच्या खाली, जिथे तोंड असतं तिथे. भुवया उंचावल्या. दवाखान्यात पोरं रोज दात घासतो म्हणून थाप मारायची तेव्हा ती अशीच बघायची.

"टाचा टेकव," ती म्हणाली. "मला फसवू नकोस."

लिनोलियमवर टक् असा आवाज झाला, आणि पुस्तक बोटभर खाली आलं.

तिने कानामागची पेन्सिल काढून माझ्या हातात दिली. मी रेघ मारली. तिरकी आली, व्हायचीच होती. मी खोडायला गेलो तर नेल्डाने माझं मनगट धरलं.

"राहू दे," ती म्हणाली. "तुझी आहे, कळायला हवं त्याला."

त्या रेघेच्या वर चौकट संपायला आता वीतभर जागा आहे, आणि अजून थंडीसुद्धा पडलेली नाही.